वय झालं म्हणजे नक्की काय झालं?

बऱ्याच महिन्यांनी इथे लिहितोय. मधे मावशीचा फोन आला होता, तेव्हा तिने माझ्या तब्येतीच्या आधी गाडीची चौकशी केली. "ती लाल खेळण्यातली गाडी विकलीस की नाही अजून?" तर मावशी, नाही विकली. का नाही विकली ते फोनवर सांगायला लागलो असतो तर तुझी मालिका बुडाली असती, म्हणून इथे लिहितोय. ज्यांना गाड्यांमधे काडीचा रस नाही त्यांनी मधला भाग गाळला तरी चालेल, पण शेवटाकडे जरा डोकवा. तिथे बाबा आहेत.

आधी गाडीची ओळख करून देतो. १९९२ सालची माझदा मियाटा. दोन माणसांची, उघड्या टपाची, दिवे लावले की बेडकासारखे डोळे वर काढणारी. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमधे ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. इंग्रजांच्या जुन्या छोट्या स्पोर्ट्स गाड्या फार देखण्या होत्या, पण तेल गळायच्या आणि वाटेत बंद पडायच्या. तशीच, पण घरी परत आणून सोडणारी गाडी जपान्यांनी करून दाखवली. २०१६ साली दहा लाखावी मियाटा तयार झाली. त्याच वर्षी मी माझी घेतली, हा निव्वळ योगायोग. इंजिन १.६ लिटरचं, ताकद नवी असताना ११६ हॉर्सपॉवर. म्हणजे काही फार नाही. आजकालची साधी कौटुंबिक गाडीसुद्धा सिग्नलला हिला मागे टाकते. पण वजन जेमतेम एक टन, त्यामुळे पिट्सबर्गच्या चढउतारांवर ती अशी काही पळते की... असो. बायको म्हणते, हे वर्णन मी आमच्या लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा करतो.

तर झालं असं. २०२४ च्या सप्टेंबरात एका शनिवारी फोर्ट पिट बोगद्यातून बाहेर पडून ग्रीन ट्री हिलचा चढ चढत होतो. गाडीत एकदम गोडसर वास आला. कूलंटचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही, जळलेल्या काकवीसारखा असतो. काच आतून धुरकटली. तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या थोडा वर गेला आणि मग (इथे लक्ष द्या) चक्क खाली यायला लागला. क्षणभर मला बरं वाटलं. वास्तविक काटा खाली येणं ही सर्वांत वाईट बातमी होती. पाणी इतकं कमी झालं होतं की सेन्सर पाण्याऐवजी वाफेत लोंबकळत होता, आणि वाफेतल्या सेन्सरला इंजिनाचं दुखणं कळत नाही. पुढच्या काही सेकंदांत बॉनेटखालून पांढरा लोट आला. बाजूला घेतली, चावी बंद केली, टो ट्रक बोलावला.

इंजिनाच्या मागच्या बाजूला, ड्रायव्हरच्या पायांच्या पुढे जी लोखंडी भिंत असते तिला लागून हीटरचे दोन होज पाईप जातात. त्यातला एक फुटला होता. तिथे धड हात पोचत नाही आणि नजर तर अजिबात पोचत नाही. एका गॅरेजवाल्याने (नाव लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत) दोन्ही पाईप बदलले, मागे सगळं तेलकट दिसलं म्हणून तिथल्या एका सेन्सरची ओ-रिंगही बदलली, नवं कूलंट भरलं आणि चारशे साठ डॉलर घेतले. गाडी घरी आली.

पण जी गेली होती तीच गाडी परत आली नव्हती. ज्या चढावर चौथ्या गिअरमधे सहज जायची, तिथे तिसऱ्यात टाकून पाय जमिनीला टेकवला तरी ती ओढेना. उभी असताना सगळं ठीक. आवाज ठीक. नुसता पिकअप गेला होता. आणि काटा पूर्वी जिथे थांबायचा तिथून केसभर वर थांबायला लागला होता.

परत गॅरेजात. तिथल्या पोराने एक चक्कर मारली आणि सांगितलं, "तीस वर्षांहून जुनी गाडी आहे. तापली होती. हेड गॅस्केट गेलं असणार, कॉम्प्रेशन उतरलं असणार. खर्च चोवीसशेच्या पुढे. मी तुमच्या जागी असतो तर विकून टाकली असती." दुसऱ्या गॅरेजात विचारलं, तिथेही तेच. ऑफिसमधला एक मित्र गाड्यांतला जाणकार समजला जातो, तोही म्हणाला, "अरे, वय झालं तिचं."

वय झालं! तिघांनी सांगितलेलं एकच निदान, आणि तिघांपैकी एकानेही गाडीला एकसुद्धा मोजमापाचं यंत्र लावलं नव्हतं.

माझं खरं भांडण या वाक्याशी आहे. "वय झालं" हे ऐकायला निदानासारखं वाटतं, पण ते निदान नाही. ते निदान थांबवण्याचं वाक्य आहे. ते म्हटलं की पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही. बोलणारा शहाणा दिसतो, ऐकणारा मान डोलावतो, आणि ज्याचं दुखतंय तो तसाच राहतो. शिवाय ते कधीच खोटं ठरत नाही, कारण वय तर झालेलंच असतं!

आता स्वतःचीही कबुली देतो. मी काही फार शहाणपणा केला नाही. पुढचे तीन आठवडे मी अंदाजाने भाग बदलत बसलो. स्पार्क प्लग, प्लगच्या वायरी, फ्युएल फिल्टर, एअर फिल्टर, थर्मोस्टॅट. दर शनिवारी एक खोका यायचा, दर रविवारी मी हात काळे करायचो आणि दर सोमवारी गाडी तितकीच मरगळलेली असायची. तीनशे डॉलर त्यात गेले. एअर फ्लो मीटरपासून थ्रॉटलपर्यंत जाणारी जाड रबरी नळी तर मी दोनदा काढून टॉर्च घेऊन तपासली. ती चिरली की इंजिनात न मोजलेली हवा शिरते आणि गाडी अडखळते, हे या गाडीचं प्रसिद्ध दुखणं आहे. नळी ठणठणीत होती. पण बदलत राहिलं की काहीतरी करतोय असं वाटतं ना! अंधारात गोळ्या झाडल्यासारखं. आवाज मोठा येतो एवढंच.

मग बाबांशी बोललो.

माझे बाबा कराडला एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते, छत्तीस वर्षं. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी लहानपणी झोपायचो ते डिझेलचा वास असलेल्या मांडीवर. आता ते पंच्याहत्तरचे आहेत. माझ्या या गाडीचं त्यांना पहिल्यापासून कौतुक नाही ("दोन माणसं न्यायला चार चाकं कशाला?"), पण बिघाड म्हटलं की त्यांचे कान टवकारतात. व्हिडिओ कॉल लावला, फोन बॉनेटमधे धरला. ते अंगणात फेऱ्या मारत बोलत होते. मधे मधे थांबायचे, ओट्यावर टेकायचे, परत उठायचे. मी त्यांना सगळं रामायण सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "सगळे म्हणतायत, वय झालंय गाडीचं."

"वय झालं म्हणजे काय झालं?" बाबा म्हणाले. "कुठला भाग म्हातारा झाला ते सांग की."

मी गप्प.

"पाणी कमी होतंय का आता?"

"नाही."

"सायलेन्सरमधनं पांढरा धूर?"

"नाही."

"ऑइल दुधासारखं झालंय?"

"नाही बाबा, स्वच्छ आहे."

"मग हेड गॅस्केट गेलं हे त्या पोराला स्वप्न पडलं काय?" जरा दम घेतला त्यांनी. "हे बघ. पाईप फुटला त्या दिवशी चढापर्यंत गाडी ओढत होती. गॅरेजातनं आल्यावर ओढत नाही. मग मधे काय झालं ते बघायचं. दोनच गोष्टी झाल्या. एक, गाडी तापली. दुसरी, कुणीतरी हात लावला. तू पहिलीच्या मागं लागलायस. दुसरीचं काय? काय काय काढलं त्यांनी?"

मी बिल आणून वाचलं. पाईप, क्लिपा, कूलंट, ओ-रिंग.

"ओ-रिंग कशाची?"

इथे मला जरा शोधावं लागलं. या इंजिनात डोक्याच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर असतो. इंजिन फिरताना नेमकं कुठे आहे हे तो कॉम्प्युटरला सांगतो, आणि त्यावरून ठिणगी कधी पाडायची ते ठरतं. त्याच्या बुडाशी एक ओ-रिंग असते. जुनी झाली की कडक होते आणि तिथून तेल पाझरतं. थेंब थेंब. ते पडतं कुठे? बरोबर खालच्या हीटरच्या होजवर. कूलंटच्या पाईपचं रबर पाणी आणि उष्णता वर्षानुवर्षं सोसतं, पण तेल त्याला सोसत नाही. तेलाने ते फुगतं, मऊ पडतं, आणि एक दिवस चढावर फुटतं. म्हणजे पाईप फुटला तो नुसता वयाने नाही. वर एक ओ-रिंग गळत होती, तिच्यामुळे फुटला. नुसता पाईप बदलून सोडला असता तर नवाही असाच फुटला असता. त्या दृष्टीने गॅरेजवाल्यांनी ओ-रिंग बदलली हे उत्तम केलं.

फक्त ओ-रिंग बदलायला तो सेन्सर बाहेर काढावा लागतो. आणि तो सेन्सर एका बोल्टवर, एका लांबट खाचेत बसतो. खाच लांबट असते कारण सेन्सर किंचित डावी-उजवीकडे फिरवूनच इंजिनाचं टायमिंग लावतात.

हे मी वाचून दाखवल्यावर पलीकडे बाबा हसायलाच लागले, आणि हसता हसता खोकायला. "अरे लेका, हा तर आमचा पंप! डिझेलचा पंप काढला आणि टायमिंग न बघता तसाच बसवला की गाडी डेपोत झकास चालते आणि खंबाटकी चढताना रडते. ओढत नाही, वर तापते. ड्रायव्हर येऊन शिव्या घालतो आणि साहेब म्हणतात, गाडी जुनी झाली."

आता जाणकारांसाठी जरा तपशील, बाकीच्यांनी चहा घ्या. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल उशिरा जळतं. पिस्टन खाली निघून गेल्यावर मागून ढकलण्यात काय अर्थ? ताकद मिळत नाही, आणि जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्ची पडायची ती सिलिंडरच्या भिंतींत आणि एक्झॉस्टमधे जाते. म्हणजे पिकअप कमी आणि काटा केसभर वर, ही दोन दुखणी नव्हतीच, एकाच दुखण्याची दोन तोंडं होती. आणि पाईप फुटणं हे वेगळं, आधीचं दुखणं. मी मात्र तापणं म्हणजे सगळं एकच धरून बसलो होतो. गाडी तापली, त्यामुळे इंजिन बिघडलं, त्यामुळे ताकद गेली, अशी सरळ रेघ. रेघ सुंदर होती, फक्त खोटी होती.

तरी बाबा म्हणाले म्हणून लगेच बोल्टला हात लावला नाही. इतके दिवस अंदाजावर घालवले होते, आता मोजायचं असं ठरवलं. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब भरला, अर्धा तास काटा हलला नाही. म्हणजे गळती नाही. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावाची नळी धरून इंजिन चालवलं. हेड गॅस्केटमधून जळका वायू पाण्यात शिरत असेल तर तो द्राव पिवळा होतो. निळाच राहिला. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं: १७८, १८०, १७६, १७५. यात आकडा किती यापेक्षा चौघे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघायचं असतं. चौघे भाऊ एका ताटात जेवणारे निघाले. या तिन्ही चाचण्यांची साधनं इथे भागांच्या दुकानातून उसनी मिळतात, अनामत ठेवायची आणि परत केली की पैसे परत. म्हणजे चोवीसशे डॉलरचं हेड गॅस्केट शाबूत आहे हे कळायला मला खर्च आला तो त्या निळ्या द्रावाचा.

मग टायमिंग लाइट. इथेही एक मेख आहे. नुसता लाइट मारला तर आकडा नाचत राहतो, कारण कॉम्प्युटर सतत टायमिंग मागेपुढे करत असतो. बॉनेटखाली 'डायग्नोसिस' लिहिलेली एक छोटी डबी असते, तिच्यात टीईएन आणि जीएनडी या दोन जागा एका वायरच्या तुकड्याने जोडल्या की कॉम्प्युटर हात आखडून बसतो आणि खरं टायमिंग दिसतं. कंपनीचा आकडा आहे १० अंश. माझं निघालं ३. सात अंश मागे! बोल्ट सैल केला, सेन्सर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर फिरवला, खूण दहावर आली, बोल्ट आवळला.

ग्रीन ट्री हिल, चौथा गिअर. आता जास्त लिहीत नाही, बायको वाचते.

एक गोष्ट मला प्रामाणिकपणे लिहायला हवी. त्या गॅरेजवाल्या पोरावर मी दोन-चार दिवस फार चिडलो होतो. नंतर विचार केला. त्याचा जन्म या गाडीनंतरचा. तो शिकला ते स्कॅनर जोडून. अमेरिकेत १९९६ पासूनच्या सगळ्या गाड्यांना ते प्रमाणित सॉकेट सक्तीचं झालं, माझ्या गाडीला ते नाहीच. आणि तासाला सव्वाशे डॉलर लावणाऱ्या गॅरेजात सहा तास शोधण्यात घालवले तर त्याचं बिल कोण भरणार? मी भरलं असतं का? छातीवर हात ठेवून सांगतो, नसतं. भाग बदलला की बिलात भागाचं नाव येतं, मग गिऱ्हाईक मुकाट पैसे देतं. "सहा तास विचार केला" हे बिलात लिहिलं तर भांडण होतं. म्हणजे निदानाला आपण किंमतच देत नाही आणि मग निदान मिळत नाही म्हणून रडतो. तेव्हा "वय झालं" हे त्या पोराचं एकट्याचं पाप नाही, त्यात माझाही वाटा आहे. पण मग त्याने सरळ म्हणावं, "मला माहीत नाही." ते ऐकून मी गाडी विकायला निघालो नसतो.

आणि गाडी बनवणारेही काही कमी नाहीत. तापमानाचा तो काटा बघा. तो खऱ्या तापमानाच्या प्रमाणात हलतच नाही. नेहमीच्या पट्ट्यात तो मधेच बसून राहावा अशीच त्याची घडण असते, म्हणजे गिऱ्हाइकाला उगीच काळजी नको. तेलाच्या दाबाचंही तेच. माझ्या सालच्या गाडीत दाबाचा काटा खरा आहे, वेग वाढला की चढतो, इंजिन तापलं की उतरतो. १९९५ पासून कंपनीने त्याच्या जागी खोटा काटा बसवला. दाब आहे की नाही एवढंच तो सांगतो, बाकी वेळ मधोमध निवांत उभा. दिसायला दोन्ही सारखेच! काळजी करू नका म्हणणारी यंत्रं मला आवडत नाहीत. काळजी करायची की नाही ते मी ठरवीन, तुम्ही आकडा दाखवा.

उलट बाजूही आहे, नाही असं नाही. रबराचं वय होतंच. कूलंटचे होज आतून चिरत जातात, तेही बरेचदा क्लिपेजवळ, आणि बाहेरून काळेभोर, तुकतुकीत दिसतात. इंजिन थंड असताना टोकाजवळ बोटांनी दाबून बघा. टणक आणि लवचीक लागला तर ठीक, पिकल्या केळ्यासारखा लागला तर बदला. पाण्याच्या दाबाचंही असंच. झाकणाचं रबर म्हातारं झालं की दाब टिकत नाही, दाब टिकला नाही की कूलंट लवकर उकळतं, आणि माणूस रेडिएटर बदलत बसतो. तेव्हा वय हे कारण असू शकतं, पण ते कशाचं वय ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. झाकणाचं वय झालं, हे निदान. गाडीचं वय झालं, ही नुसती हळहळ. (बाबांच्या काळातला एक उपाय मात्र मी अजिबात मानत नाही. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून फेकायचा. त्याने इंजिन कायम थंड राहतं, तेल जास्त खातं आणि मूळ दुखणं झाकलं जातं. यावरून आमचं दर सुट्टीत वाजतं.)

आता बाबांचं.

त्या दिवशीच्या कॉलवर ते चालताना थांबत होते, ओट्यावर टेकत होते, हे मी वर लिहिलं. मला ते दिसलं होतं. बरेच महिने दिसत होतं. गच्चीवर जाणं त्यांनी बंद केलं होतं. मंडईतून येताना दोनदा थांबायचे. वहिनी म्हणाली होती, "भाऊजी, दम लागतो हो त्यांना हल्ली." दादा म्हणाला, "पंच्याहत्तर झाली, लागणारच." आणि मी? मी म्हणालो होतो, "हो ना, वय झालं आता." वर लिहिलेलं सगळं तत्त्वज्ञान मांडणारा मी! तेरा हजार किलोमीटरवरून, एकही मोजमाप न घेता.

टायमिंग लागलं त्या रात्री त्यांना सांगायला फोन केला. खूश झाले. खुशीत जिन्यावरून वर दादाला सांगायला निघाले आणि अर्ध्या जिन्यात बसले. फोन हातातच होता. मला जिन्याची फरशी दिसत होती आणि त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मी म्हणालो, "बाबा, हे कधीपासून?"

"काय?"

"हे. दम लागतोय ते."

"अरे, वय झालं आता."

"कुठल्या भागाचं?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लई शहाणा झालायस." आणि फोन ठेवला.

मी दादाला फोन लावला. भांडलो, खरं तर. तो म्हणाला, डॉक्टरकडे चल म्हटलं की ते चिडतात. मी म्हणालो, चिडू देत. इथून बोलणं सोपं असतं हे मला कळतं. न्यायचं, थांबायचं, रांगेत बसायचं ते दादालाच. त्याने नेलं. ईसीजी ठीक निघाला, छातीचा फोटो ठीक. रक्तात हिमोग्लोबिन ७.८. पुरुषाला तेरा तरी लागतं. शिवाय लोह तळाला गेलेलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कुठल्या घेता? तेव्हा कळलं की गुडघ्यांसाठी बाबा दोन वर्षं दुकानातून दुखण्याची गोळी आणून खात होते. रोज, कधी दोन. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दुर्बिणीतून तपासलं तेव्हा जठरात व्रण सापडला. त्यातून रक्त जात होतं. थेंब थेंब.

(रूपक जुळवतोय असं समजू नका. मला ते जुळलेलं आवडलेलंही नाही. झालं तसं लिहितोय.)

मला सगळ्यांत लागतं ते हे, की त्यांनी स्वतःसुद्धा तेच वाक्य स्वतःला लावलं. छत्तीस वर्षं "जुनी झाली" म्हणणाऱ्या साहेबांशी भांडलेला माणूस. दादा म्हणतो, त्यांना भीती वाटत असणार, की शोधलं तर काहीतरी मोठं सापडेल. शक्य आहे. मीही हेड गॅस्केटची चाचणी तीन आठवडे पुढे ढकललीच होती, उसनं साधन फुकट मिळत असताना.

मावशीचं म्हणणं वेगळं आहे, ते तिने मला याच फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "तुम्ही मुलं सगळ्याचं कारण शोधत बसता. माणसाला कधीतरी निवांत म्हातारं होऊ द्या." तिचं अगदी चूक आहे असं मला म्हणवत नाही. काकांच्या शेवटच्या वर्षात तिने दवाखान्यांच्या इतक्या पायऱ्या चढल्या आहेत की तिला हे म्हणायचा अधिकार आहे. शोधायचं कधी थांबवायचं हे मला माहीत नाही. पण एका रक्ताच्या तपासणीच्या आधीच थांबायचं नसतं, एवढं नक्की.

दुखण्याची गोळी बंद झाली, पोटाच्या गोळ्या आणि लोह सुरू झालं. मार्चमधे हिमोग्लोबिन ११.४ होतं. गच्चीवर जातात आता, वाळवणाची राखण करायला. परवाच्या कॉलवर मी त्यांना गाडी दाखवली. मागच्या भिंतीपाशी टॉर्च धरायला लावला, ओ-रिंगच्या खाली बोट फिरवायला लावलं.

"कोरडं आहे," मी म्हणालो.

"बोट दाखव," ते म्हणाले.

दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितलं आणि मग खालचा रेडिएटरचा होज कधी बदलला होतास म्हणून विचारलं. तो मी बदललेला नाही. शनिवारी बघतो.